शस्त्रे दाराशी ठेवावीत

माणसाचं स्वातंत्र्य म्हणजे काही टोपी नव्हे, दारात काढून खुंटीला अडकवायला, असं डेल्मर हॉब्सनने क्लबच्या सभेत उभं राहून, घसा खाकरून सांगितलं होतं. आता तो दारात बसला होता आणि समोरच्या गृहस्थाचं स्वातंत्र्य, कातडी म्यानासकट, खुंटीला अडकवायला घेत होता.

"रिकामं आहे ना?"

"रिकामंच आहे की."

डेल्मरने पिस्तूल चटईकडे धरलं, मॅगझिन काढलं आणि वरचा भाग मागे खेचला. आतून एक गोळी टुणकन टेबलावर उडाली आणि गडगडत जाऊन त्या गृहस्थाच्या बायकोच्या बुटाशी थांबली. तिने ती वाकून उचलली, जपून टेबलावर ठेवली.

"सकाळी असंच म्हणाला होता, गाडीत पेट्रोल आहे," ती म्हणाली.

दारावरची पाटी क्लबचा अध्यक्ष नेसबिट याने स्वतः रंगवली होती. क्लबच्या बंदुकांच्या प्रदर्शनात येणाऱ्या प्रत्येकाने अंगावरचं हत्यार दाराशी काढून ठेवावं. परवाना असो, पोलिसाचा बिल्ला असो, सबब चालणार नाही. विकायला आणलेल्या बंदुकांना प्लास्टिकची पट्टी आवळून आत सोडायचं, पण कंबरेचं आणि पर्सेतलं इथेच. हा नियम कोणाला तत्त्व म्हणून सुचला नव्हता. गेल्या वर्षी एका सद्‌गृहस्थाने सुटे पैसे काढायला खिशात हात घातला आणि लिंबू सरबताच्या पिंपाला गोळी घातली. माणसं वाचली, सरबत गेलं. मग जत्रेच्या मैदानाचा विमा उतरवणाऱ्यांचं पत्र आलं, आणि क्लबच्या सभासदांना शांततेचं महत्त्व पटलं. एकट्या डेल्मरला पटलं नाही. तो सभेत पाऊण तास बोलला. एकदा हातातून गेलं की परत मिळेल याची हमी काय, हा त्याचा मुख्य सवाल होता, आणि त्याला टाळ्याही पडल्या. त्यानंतर मतदान झालं आणि तो आपटला. नेसबिटने त्यालाच दारावर नेमलं. सगळ्यात मोठा विरोधकच हत्यारं गोळा करायला बसला की भांडायला येणारे भांडणार कोणाशी?

डेल्मर मुळात नेमाचा माणूस. विरोध त्याने मनापासून केला होता, कामही मनापासून करत होता. ऑगस्टच्या जत्रेत वासरांच्या कानाला ठोकायचे पिवळे बिल्ले त्याने पेटीतून काढून आणले होते. एक बिल्ला हत्याराला, त्याच आकड्याचा दुसरा मालकाला. गोळ्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात. मागच्या कोटांच्या खोलीत खुंट्यांची रांग होती आणि दुपारपर्यंत तिथे एखाद्या छावणीसारखं दिसायला लागलं होतं.

लोक यायचे, पाटी वाचायचे आणि काहीतरी बोलल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. कोणी म्हणालं, उद्या चर्चमध्ये येताना देव गाडीत ठेवून या म्हणाल. एका बाईने पर्सेतून बोटभर पिस्तूल काढलं, नवरा गेल्यापासून हाच काय तो सोबती आहे म्हणाली, आणि सोबत्याला खुंटीवर नको, फळीवर ठेवा, अशी विनंती केली. डेल्मरने फळीवर ठेवलं. एरवी त्याने प्रत्येकाला चार शब्द परत केले असते. आज तो नुसता मान हलवत होता. घरून आणलेलं सँडविच टेबलाखाली तसंच पडलं होतं. दाराशी उंच माणसाची सावली पडली की तो हातातलं काम सोडून बघायचा, आणि ती दुसऱ्या कोणाची निघाली की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याचीही लाज वाटायची.

मंगळवारी मार्ला त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. मार्ला म्हणजे ऑर्व्हल ट्रेडवेची मुलगी. आणि ऑर्व्हल म्हणजे डेल्मरचा शाळेपासूनचा दोस्त. लग्नात एकमेकांचे साक्षीदार, शिकारीत एकमेकांच्या चुकलेल्या नेमांचे साक्षीदार. मार्लाने अंगातला कोट काढला नाही, कॉफीला हात लावला नाही. हॉस्पिटलातली रात्रपाळी करून ती पहाटे मागच्या दाराने घरात शिरली, तर बाप स्वयंपाकघरात उभा होता. हातात रिव्हॉल्व्हर. तिच्या छातीवर रोखलेलं.

"कोण तू, म्हणाले मला. मी नाव सांगितलं. पुन्हा विचारलं, कोण तू. मग थोड्या वेळाने खाली केलं आणि म्हणाले, कॉफी टाक."

"चुकून झालं असेल, बाळ."

"चुकूनच, काका. चुकूनच मेले असते."

डॉक्टर म्हणाले होते, ही सुरुवात आहे. शेरीफ म्हणाला होता, अजून काही घडलेलं नाही, काही घडलं की फोन करा. आणि ऑर्व्हल तर ते उशाशी घेऊन झोपायचा, आंघोळीला जाताना बेसिनवर ठेवायचा. मागितलं तर चिडायचा, चोरलं तर घर डोक्यावर घेतलं असतं. जगात एकच जागा अशी होती जिथे तो आपल्या हाताने पट्टा सोडेल.

"तुमचं दार," मार्ला म्हणाली.

"म्हणजे मी ते घ्यायचं आणि परत द्यायचं नाही."

"हरवलं म्हणायचं. मी मागच्या खिडकीशी येईन."

"ही फसवणूक झाली, मार्ला."

"झालीच." तिने टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या. "दुसरं काही सुचत असेल तर सांगा."

डेल्मरला दुसरं काही सुचलं नाही. आजपर्यंत सुचलं नव्हतं.

ऑर्व्हल आला तो जेवणवेळ टळल्यावर. रस्ते खात्यात बर्फ लोटायची गाडी चालवताना मिळालेला नारिंगी डगला, त्याखाली कंबरेला तो जुना पट्टा. पाटी त्याने शांतपणे पूर्ण वाचली, मग डेल्मरकडे बघून गालातल्या गालात हसला.

"सभेत तर असा बोललास की मला वाटलं, हा आता घोड्यावर बसूनच बाहेर पडणार. आणि इथे कारकून होऊन बसलास होय, लेका?"

"पुढे सरक. मागे लोक आहेत."

"एकदा हातातून गेलं की परत मिळेल याची हमी काय!" ऑर्व्हल मागच्या लोकांकडे वळून म्हणाला. "हे याचं वाक्य. काय वाक्य होतं. सगळ्यात आधी टाळी मी वाजवली."

तो काय विसरतो आणि काय विसरत नाही, याला काही धरबंध नव्हता. ऑर्व्हलने पट्ट्याच्या बकलाशी हात नेला. बोटं थरथरत होती. बकल दोनदा निसटलं. मागच्या माणसाने मदतीला हात पुढे केला तेव्हा ऑर्व्हलने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. हात मागे गेला.

"दुसरा कोणी बसला असता ना, तर इथूनच घरी गेलो असतो," ऑर्व्हल म्हणाला. "तू आहेस म्हणून."

रिव्हॉल्व्हर टेबलावर आलं. मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ऑर्व्हल रात्रीचा नदीकाठच्या रस्त्यावर बर्फ काढायला जायचा तेव्हा थंडीत हातातून निसटू नये म्हणून ती आयोनीने, त्याच्या बायकोने, गुंडाळली होती. आयोनी गेली, पट्टी टिकली. डेल्मरने चक्री उघडली. सगळी घरं भरलेली होती. गोळ्या कॉफीच्या डब्यात पडल्या, त्यांचा आवाज त्याला जरा जास्तच मोठा वाटला. त्याने बिल्ला दिला. ऑर्व्हलने आकडा मोठ्याने वाचला, बिल्ला शर्टाच्या खिशात घातला, खिशाचं बटण लावलं आणि कंबर चाचपली.

"नागडं नागडं वाटतं रे," तो म्हणाला आणि आत गेला.

थोड्या वेळाने कोटांच्या खोलीच्या मागच्या खिडकीवर टकटक झाली. खिडकी डुकरांच्या रिकाम्या गोठ्यांकडे उघडायची. मार्ला बाहेर उभी होती, हातात चर्चच्या जेवणावळीला गरम भांडं न्यायची गोधडीची पिशवी. डेल्मरने रिव्हॉल्व्हर आत ठेवलं, तिने झाकण लावलं. कोणी पाहिलं असतं तर बटाट्याची भाजी चालली आहे असंच वाटलं असतं.

"काही म्हणाले का?" तिने विचारलं.

"म्हणाला, तू आहेस म्हणून दिलं."

मार्लाने पिशवीचं झाकण पुन्हा एकदा दाबलं.

"हे मला कशाला सांगितलंत, काका," ती म्हणाली आणि पिशवी छातीशी धरून गोठ्यांमागे दिसेनाशी झाली.

डेल्मर परत टेबलाशी आला. रिकामी खुंटी तिथून दिसत होती. त्याने उठून तिच्यावर आपली टोपी अडकवली. मग ती टोपीच दिसायला लागली, म्हणून काढली आणि पुन्हा डोक्यावर घातली. आपण चांगलं काम केलं, असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं. वाक्य बरोबर होतं, पण सभेतल्या वाक्यासारखं ते उभं राहीना. तेवढ्यात ऑर्व्हलच बाहेर डोकावला. हातात कागदात गुंडाळलेलं, डुकराच्या तळलेल्या कापाचं सँडविच होतं, काप पावाच्या चारी बाजूंनी बाहेर आलेला.

"सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस. तोंड बघ. भुकेने मेलास तर माझं सामान कोण देईल?"

त्याने सँडविच टेबलावर ठेवलं आणि पुन्हा आत गेला. डेल्मरने ते खाल्लं. न खाणं त्याला जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी गर्दी उलटी सुरू झाली. लोक रांगेने बिल्ले देत होते, आपापली हत्यारं कंबरेला लावत होते आणि लावल्यावर एकदम दोन इंच उंच दिसत होते. ऑर्व्हल मधेच कुठेतरी होता, बगलेत एक कागदी पिशवी. त्याची पाळी आली. डेल्मर आत गेला, खुंट्यांपुढे उभा राहिला, त्याने मनात जेवढा वेळ योजला होता तेवढा वेळ घालवला आणि बाहेर आला.

"सापडत नाही," तो म्हणाला.

हे शब्द त्याने चार दिवस घोकले होते. तरी ते हळू म्हणायचे राहून गेले. नेसबिट पलीकडे खुर्च्या मोजत होता, तो टेबलाशी आला.

"काय सापडत नाही?"

"ऑर्व्हलचं. इथेच असेल. उद्या सावकाश बघतो."

नेसबिटचा चेहरा उतरला, मग लाल झाला. हरवलेलं हत्यार म्हणजे उद्या नाही, आत्ता. शेरीफला फोन, विमेवाल्यांना फोन. रांगेतल्या सगळ्यांच्या पिशव्या तपासाव्या लागतील, बाहेरच्या गाड्याही. आपण आधीच म्हणत होतो, या कामाला म्हातारी माणसं नकोत. आणि हाच गृहस्थ सभेत आपल्याला हमी विचारत होता, हेही त्याने रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं. मग त्याने खिशातून फोन काढला. डेल्मरला दिसत होतं: शेरीफ, खिडकीखालचे चिखलातले बुटांचे ठसे, गोधडीची पिशवी, मार्ला. त्याने तोंड उघडलं. काय बोलणार होता ते त्यालाही माहीत नव्हतं.

"थांब, नेसबिट," ऑर्व्हल म्हणाला.

सगळे थांबले. ऑर्व्हलने डगल्याची बटणं उगाच चाचपली, छताकडे पाहिलं, जीभ ओठांवरून फिरवली.

"मी आज आणलंच नव्हतं. गाडीत राहिलं. आत्ता लक्षात आलं." तो जरा हसला. "हल्ली मला आठवत नाही. काहीच्या काही होतं. माझ्या मुलीला विचारा हवं तर. डोकं राहिलं नाही माझं."

रांगेतले लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आजपर्यंत कोणी ऑर्व्हल ट्रेडवेसमोर साधी त्याच्या चष्म्याची चौकशी केली नव्हती. नेसबिटने फोन खिशात घातला आणि लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात, होतं असं, होतं, म्हणाला. मागच्या बाईने ऑर्व्हलच्या कोपराला हात लावला. गाडीपर्यंत सोडू का, म्हणाली. त्याने कोपर तिच्या हातात राहू दिलं. दुसरा हात टेबलावर डेल्मरच्या हाताशी आला आणि त्याच्या तळव्यात काहीतरी दाबून गेला. डेल्मरने खाली पाहिलं. पिवळा बिल्ला होता.

उरलेल्या लोकांचं सामान देताना त्याने दोनदा भलत्याच आकड्याचं हत्यार पुढे केलं. शेवटचा माणूस गेल्यावर तो डगला न घालताच मैदानात पळाला. बर्फाची बारीक भुरभुर सुरू झाली होती. ऑर्व्हलची गाडी अजून होती. तो आत बसून काच पुसत होता. डेल्मरला बघून त्याने दार उघडलं.

"ऑर्व्हल, मला तुला काही सांगायचंय."

"काही सांगू नकोस. तुझ्या वयात होतं असं." डेल्मर त्याच्याहून दोन वर्षांनी लहान होता. "मिळेल कुठेतरी. आणि त्या नेसबिटसमोर काय म्हणून मान खाली घालायची? माझं काय, माझ्याबद्दल लोक बोलतातच. तुझ्याबद्दल कशाला बोलायला लावू?"

डेल्मरने गाडीचं दार धरलं. दार थंड होतं.

"आयोनीची पट्टी होती त्याला, एवढंच," ऑर्व्हल म्हणाला आणि बाजूच्या सीटवरची कागदी पिशवी मांडीवर घेतली. "पण मी म्हटलं, आता रिकाम्या कंबरेने घरी कसं जायचं. हरवल्यावर नाही, आधीच म्हटलं. आत फिरताना इतकं नागडं वाटत होतं ना, तिसऱ्या टेबलावरच घेऊन टाकलं. बघ."

पिशवीतून खोका निघाला, खोक्यातून पिस्तूल. नवं, काळं, हलकं. घोड्यातून प्लास्टिकची पट्टी आवळलेली, डेल्मरनेच सकाळी आवळलेली.

"विकणाऱ्याने काही विचारलं नाही तुला?" डेल्मर म्हणाला.

"विचारलं की. एकवीस पूर्ण आहेत का, म्हणून लायसन्स बघितलं." ऑर्व्हल खूश होऊन हसला. "माझे हात थरथरतात म्हणालो, तर म्हणाला, काका, हे तुमच्यासाठीच. घोडा ओढावा लागत नाही, बोट नुसतं टेकवलं की झालं. तुझी ती कात्री दे, ही पट्टी काढू."

"कात्री आत राहिली," डेल्मर म्हणाला. कात्री त्याच्या मागच्या खिशात होती. "ऑर्व्हल, हे आज माझ्याकडे ठेव. उद्या घरी आणून देतो."

ऑर्व्हलने त्याच्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही, जरा काळजीने.

"तुझ्याकडे? आधीचं दिलं होतं ना मघाशी?"

त्याने डगल्याच्या खिशातून चाकू काढला. चाकूबद्दल पाटीवर काही नव्हतं. पट्टी दुसऱ्या झटक्याला तुटली आणि पायाशी पडली.

"ते हरवलेलं नाही," डेल्मर म्हणाला. "मी मार्लाला दिलं. खिडकीतून. आमचं आधीच ठरलं होतं. तू तिच्यावर रोखलं होतंस, पहाटे, ती कामावरून आली तेव्हा. मी तुला फसवलं, ऑर्व्हल."

ऑर्व्हल चाकूची पाती मिटत होता. ती पहिल्यांदा नीट मिटली नाही.

"मार्लाकडे आहे?"

"हो."

"आयोनीच्या पट्टीसकट?"

"हो. पण मी काय म्हणतो ते..."

ऑर्व्हलने मोठा श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा खरी सुटका दिसली. त्याने नवं पिस्तूल खोक्यात ठेवलं, खोका पिशवीत घातला, पिशवी बाजूच्या सीटवर सारली आणि डेल्मरच्या हातावर थोपटलं.

"मग असं आधी सांगायचं ना. म्हणजे घरात आता दोन झाली," तो म्हणाला.

त्याचा हिशोब चुकला नव्हता.